घरच्या संगणकाचे विषाणूंपासून संरक्षण

(कृषी विज्ञान केंद्रातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून आपण रब्बी ज्वारीचे ओलावा व्यवस्थापन आणि हरभऱ्यावरील घाटे अळी हे विषय ऐकले. आता कृषिविद्या शिकवणारा माणूस संगणकावर काय बोलणार, असे आपल्याला वाटत असेल. मी संगणकतज्ज्ञ नाही. पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. ठेच मला लागली आहे. ती आपल्याला लागू नये म्हणून हा विषय मी आयोजकांकडून मागून घेतला.

२०१८ च्या खरिपापासून आम्ही एका शेतकऱ्याच्या रानात सोयाबीन अधिक तूर या आंतरपीक पद्धतीची चाचणी घेत होतो. ४:२ आणि ३:१ ओळींचे प्रमाण, दोन्ही पिकांचे उत्पादन, जमिनीतील ओलावा, मजुरी, सगळ्याच्या नोंदी तीन खरीप ठेवल्या. पहिल्या वर्षाच्या नोंदी शेतनोंदवहीत होत्या. पुढच्या दोन वर्षांच्या मी थेट संगणकात भरल्या, कारण तेच सोयीचे वाटले. मग अहवालाच्या प्रती काढण्यासाठी पेन ड्राइव्ह एका झेरॉक्सच्या दुकानात नेला, परत आणला आणि तसाच संगणकाला लावला. तिसऱ्या दिवशी एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे चिकटली होती आणि पडद्यावर इंग्रजी चिठ्ठी होती : फाईली परत हव्या असतील तर पैसे भरा.

दोष दुकानदाराला देऊन उपयोग नव्हता. माझ्या संगणकातील अँटीव्हायरसची मुदत वर्षापूर्वीच संपली होती. मोबाईलचा डेटा खर्च होतो म्हणून विंडोजच्या सुधारणा मीच बंद करून ठेवल्या होत्या. आणि नोंदींची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ज्या शेतकऱ्याने तीन वर्षे अर्धा एकर रान आम्हाला दिले, त्यांनी विचारले, "सर, आमच्या रानाचा निकाल काय लागला?" माझ्याकडे फक्त पहिल्या वर्षाचे आकडे होते. बिघडलेला संगणक दुरुस्त होतो, नवा घेता येतो. गेलेला हंगाम मात्र परत घेता येत नाही.

आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणक आहे. त्यात द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी आहेत, दूध संकलनाचा हिशेब आहे, शेतकरी उत्पादक कंपनीची सभासद यादी आहे, माती परीक्षणाचे अहवाल आहेत. काहीजण त्यावरूनच बँकेचे व्यवहार करतात. ही सगळी आपली कमाई आहे. तिची राखण कशी करायची ते पाहू.

विषाणू म्हणजे काय?

संगणकाचा विषाणू हा जीव नाही. तो माणसाने मुद्दाम लिहिलेला प्रोग्राम असतो. विंडोजच्या आधी जे डॉस वापरात होते, त्यावर चालणाऱ्या संगणकांत पसरलेला पहिला विषाणू १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्याचे नाव 'ब्रेन'. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल होऊ नये म्हणून तो केल्याचे त्यांनी सांगितले होते आणि त्यात स्वतःचा पत्ताही घातला होता. फ्लॉपीवरून तो जगभर गेला. आजचे विषाणू लिहिणारे मात्र पत्ता देत नाहीत. त्यांना पैसा हवा असतो.

पिकावरील किडी-रोगांप्रमाणे यांचेही प्रकार आहेत.

१) व्हायरस : दुसऱ्या फाईलीला चिकटतो आणि ती फाईल उघडली की पसरतो.

२) वर्म : याला फाईलीचा आधार लागत नाही. एका संगणकातून दुसऱ्यात स्वतःहून जातो.

३) ट्रोजन : उपयोगी सॉफ्टवेअरचे सोंग घेऊन येतो. आपणच त्याला आत घेतो.

४) खंडणीखोर प्रोग्राम, म्हणजे रॅन्समवेअर : आपल्या फाईलींना कुलूप घालून पैसे मागतो.

५) हेर प्रोग्राम, म्हणजे स्पायवेअर : काही बिघडवत नाही, गुपचूप पाहतो. की-बोर्डवर दाबलेली अक्षरे टिपतो, पडद्याची छायाचित्रे घेतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो आणि इंटरनेटवरून मालकाकडे पाठवतो.

यातला शेवटचा प्रकार मुळावरील सूत्रकृमीसारखा आहे. वरून झाड हिरवे दिसते. पाने मलूल होईपर्यंत मुळांवर गाठी झालेल्या असतात. हेर प्रोग्राम शिरल्याचे पुष्कळदा खात्यातून पैसे गेल्यावरच कळते.

उपचारापेक्षा प्रतिबंध

मूग, उडीद, सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक आपल्या ओळखीचा आहे. हा विषाणूजन्य रोग एकदा झाडात शिरला की ते झाड बरे करणारे औषध नाही. म्हणून आपण काय करतो? रोगट झाड दिसताच उपटून टाकतो आणि रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करतो. संगणकाचे असेच समजा. खंडणीखोर प्रोग्रामने कुलूप घातलेली फाईल बहुतेक वेळा उघडत नाही. अँटीव्हायरस नंतर तो प्रोग्राम काढून टाकील, पण कुलूप तसेच राहील. म्हणून पांढरी माशी कोणती ते ओळखले पाहिजे.

संगणकात रोग आणणाऱ्या वाटा मुख्यतः पाच आहेत : बाहेर फिरून आलेला पेन ड्राइव्ह, ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल, फुकटात मिळवलेले चोरीचे सॉफ्टवेअर, सुधारणा न केलेले जुने विंडोज, आणि "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" अशी पडद्यावर येणारी खोटी सूचना. या पाच वाटा बंद केल्या तर बराचसा धोका टळतो. प्रत्येकीवर काय करावे ते सांगतो.

१. सुधारणा वेळेवर घ्याव्यात

विंडोजमध्ये भगदाड सापडले की ते बुजवण्यासाठी कंपनी सुधारणा पाठवते. त्यालाच आपण अपडेट म्हणतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर वर्म सुटला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने धरले. पण तो ज्या भगदाडातून शिरत होता ते बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिली होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्या संगणकात त्याला त्या भगदाडातून शिरता आले नाही.

म्हणून अपडेट बंद करू नयेत. डेटा कमी असेल तर आठवड्यातून एकदा, रात्री, संगणक चालू ठेवून ती उतरवून घ्यावीत. विंडोज ७ ला मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज १० वापरणाऱ्या ज्या घरगुती ग्राहकांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली, त्यांच्यासाठी सुरक्षा सुधारणांची सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली गेली. ज्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, त्यावर जाणकाराकडून लिनक्स घालून घ्यावे. तेही जमत नसेल तर तो संगणक इंटरनेटला न जोडता फक्त हिशेबापुरता ठेवावा. बँकेचे काम त्यावर अजिबात करू नये.

२. अँटीव्हायरस एकच, पण चालू असावा

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचे संरक्षण मुळातच असते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. घरच्या वापराला ते चांगले आहे, मात्र ते चालू आहे का ते सेटिंगमधील सुरक्षेच्या पानावर पाहावे. दुसरे विकत घेतले असेल तर त्याची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी घालू नयेत. न जुळणारी दोन औषधे एका टाकीत मिसळली तर काय होते ते आपण जाणताच. येथेही दोघे एकमेकांना अडवतात आणि संगणक मंदावतो.

अँटीव्हायरस म्हणजे फवारणी. एकट्या फवारणीवर पीक वाचत नाही. बाकीच्या मशागतीबरोबरच तिचा उपयोग होतो.

३. पेन ड्राइव्हची तपासणी

सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, फोटो स्टुडिओ येथे दिवसभर अनेकांचे पेन ड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात. म्हणून बाहेर नेण्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा. त्यात छापायची तेवढीच फाईल घालावी. परत आणल्यावर तो थेट उघडू नये. त्याच्या चिन्हावर माऊसचे उजवे बटण दाबून आधी स्कॅन करावे. आपले फोल्डर नाहीसे होऊन त्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागले, तर विषाणू आला असे समजावे. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. मूळ फाईली बहुधा आतच लपवलेल्या असतात. जाणकार त्या परत दाखवू शकतो. घाईने पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नये. रस्त्यात सापडलेला किंवा कोणी सहज देऊ केलेला पेन ड्राइव्ह तर लावूच नये.

४. फाईलचे आडनाव पाहावे

प्रत्येक फाईलीला नावापुढे टिंब देऊन तीन-चार अक्षरी आडनाव असते. फोटोचे जेपीजी, कागदपत्राचे पीडीएफ, आणि चालणाऱ्या प्रोग्रामचे ईएक्सई. विंडोज हे आडनाव सहसा लपवते. त्यामुळे 'अनुदान यादी पीडीएफ' असे दिसणाऱ्या फाईलीचे खरे आडनाव ईएक्सई असू शकते. फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू या ठिकाणी जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' समोर खूण करावी, म्हणजे आडनाव दिसू लागेल. कागदपत्र म्हणून आलेल्या फाईलीचे आडनाव ईएक्सई, एससीआर किंवा जेएस असे निघाले तर ती उघडू नये.

वर्ड किंवा एक्सेलची फाईल उघडताना 'मॅक्रो चालू करा' अशी विनंती आली तर करू नये. पीएम किसानचा हप्ता, पीक विमा, वाहनाचे चलान अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाईलींनी अनेकांचे मोबाईल आणि बँक खाती लुटली गेली आहेत. शासनाची योजना अशा फाईलीतून येत नाही. पाठवणारा ओळखीचा असला तरी आधी त्याला फोन करून विचारावे. त्याचा मोबाईल आधीच कोणाच्या तरी ताब्यात गेलेला असू शकतो.

५. सॉफ्टवेअर मुळातून घ्यावे

आपण प्रमाणित बियाणे घेतो, पिशवीवरचे लेबल पाहतो, पावती जपतो. सॉफ्टवेअरचेही तसेच करावे. ते बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच उतरवावे. हिशेबाचे महागडे सॉफ्टवेअर फुकट चालवून देणारी 'क्रॅक' नावाची फाईल मिळते. तिच्याबरोबर हेर प्रोग्राम आत येतो, आणि ती चालवण्यासाठी "आधी अँटीव्हायरस बंद करा" असेही सांगितले जाते. कुत्रा बांधून ठेवा, असे सांगणाऱ्या पाहुण्याचा हेतू ओळखायला हवा. लिहिण्यासाठी आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस हे कायदेशीर, मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यात मराठीही लिहिता येते.

६. घरातल्यांसाठी वेगवेगळी खाती

विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती करता येतात. प्रशासक खात्यावरून सगळे बदल करता येतात, साध्या खात्यावरून मोजकेच. रोजचे काम साध्या खात्यावरून करावे. चिरंजीव खेळ उतरवत असतील तर त्यांना वेगळे साधे खाते द्यावे. म्हणजे काही शिरले तरी त्याला संपूर्ण संगणकाचे अधिकार सहजासहजी मिळत नाहीत. प्रशासकाचा पासवर्ड घरातल्या एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा.

७. बँकेच्या कामासाठी विशेष काळजी

बँकेचे काम सेवा केंद्रातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर करू नये. तेथे की-बोर्ड टिपणारा हेर आहे की नाही हे आपल्याला कळत नाही. बँकेचा पत्ता स्वतः टाईप करावा, शोध घेऊन आलेल्या पहिल्याच ठिकाणी जाऊ नये. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये. ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड वेगळे असावेत. ते वहीत लिहून कपाटात ठेवले तरी चालेल, संगणकातील फाईलीत ठेवू नयेत. कंपनीच्या डिजिटल सहीचे टोकन काम झाले की काढून ठेवावे. फोनवरून कोणी "मी दुरुस्त करतो, हे सॉफ्टवेअर घाला" म्हणून संगणकाचा ताबा मागितला तर फोन ठेवून द्यावा.

दुसरी प्रत : आपले राखीव बियाणे

एवढी सगळी काळजी घेऊनही धोका पूर्ण संपत नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा प्रोग्राम युक्रेनमधून पसरला. तो तेथील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सुधारणेतून आला होता. म्हणजे वापरणाऱ्यांची काही चूक नव्हती. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला, आणि आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या धक्क्याचे काम विस्कळीत झाले. आपली द्राक्षे आणि कांदा ज्या बंदरातून परदेशी जातात, तेच हे बंदर.

पुढची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संपूर्ण जाळ्यातील खाती आणि परवानग्या ज्यात नोंदलेल्या असतात, त्या मुख्य नोंदीच्या मर्स्ककडे सुमारे दीडशे प्रती होत्या. पण त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे सगळ्या एकदमच पुसल्या गेल्या. एक वाचली. ती आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयात होती. तेथे नेमकी वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपला कारभार पुन्हा उभा केला.

भारनियमनाला आपण नेहमी दोष देतो. तेथे वीज गेली म्हणून कंपनी वाचली. यातून घ्यायचा धडा एवढाच की, जोडलेल्या दीडशे प्रतींपेक्षा तोडून ठेवलेली एक प्रत मोलाची असते.

घरात हे असे करावे :

अ) महत्त्वाच्या सगळ्या फाईली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

आ) दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात. एका आठवड्यात पहिलीवर, दुसऱ्या आठवड्यात दुसरीवर प्रत घ्यावी.

इ) प्रत घेऊन झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम लावून ठेवलेल्या डिस्कलाही खंडणीखोर प्रोग्राम कुलूप घालतो.

ई) दोहोंपैकी एक डिस्क दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. चोरी किंवा आग यापासूनही बचाव होतो.

उ) दोन-तीन महिन्यांतून एकदा डिस्कवरच्या चार फाईली उघडून पाहाव्यात. पेरणीपूर्वी आपण उगवणक्षमता तपासतो, तसेच हे आहे.

ऊ) शेतनोंदवही बंद करू नये. माझे पहिल्या वर्षाचे आकडे कागदानेच वाचवले.

लागण झालीच तर

संगणक अचानक फार मंद होणे, न मागता जाहिराती येणे, ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलणे, अँटीव्हायरस आपोआप बंद पडणे, आपल्या नावाने इतरांना न पाठवलेले संदेश जाणे, ही लक्षणे आहेत. अशा वेळी प्रथम इंटरनेट तोडावे आणि लावलेले पेन ड्राइव्ह व डिस्क काढाव्यात. पडद्यावरच्या चिठ्ठीचा मोबाईलने फोटो घ्यावा. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून किंवा मोबाईलवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत. डिफेंडरमध्ये 'ऑफलाईन स्कॅन' ही सोय आहे, ती वापरावी. तरीही शंका राहिली तर विंडोज नव्याने घालून घ्यावे आणि मगच तोडून ठेवलेल्या डिस्कवरून फाईली परत आणाव्यात.

खंडणी भरू नये. पैसे भरून फाईली परत मिळतील याची खात्री नसते. कुलूप लागलेल्या फाईली मात्र पुसू नयेत. २०१६ साली युरोपातील पोलीस आणि संगणक सुरक्षा कंपन्यांनी 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम सुरू केला. काही प्रकारांच्या किल्ल्या तेथे फुकट मिळतात. माझ्या प्रकाराची किल्ली मला मिळाली नाही, आपल्याला मिळू शकते. भारत सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रानेही संगणक साफ करण्याची मोफत साधने दिली आहेत. खात्यातून पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नये. ताबडतोब बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे अडवणे कठीण.

वेळापत्रक

शेवटी, भिंतीवर लावता येईल असे छोटे वेळापत्रक सांगतो. रोज : बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडू नये. आठवड्याला : विंडोजच्या सुधारणा घ्याव्यात, डिस्कवर प्रत काढावी, डिस्क कपाटात ठेवावी. महिन्याला : संपूर्ण संगणक स्कॅन करावा, न लागणारी सॉफ्टवेअर काढून टाकावीत. हंगाम संपला की : त्या हंगामाच्या नोंदी छापून फाईलला लावाव्यात. आठवड्याला अर्धा तास पुरतो.

ज्या शेतकऱ्याची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, त्यांनी नंतर पुन्हा दोन खरीप आपले रान आम्हाला दिले. ते म्हणाले, "सर, आकडे गेले तर गेले, पण या वेळी वही माझ्याकडे राहू द्या." तेव्हापासून त्या चाचणीची एक प्रत त्यांच्या घरी असते, कपाटात, बियाण्याच्या पावत्यांशेजारी. आपणही आज घरी गेल्यावर एवढे एकच काम करावे. आपल्या नोंदींची एक प्रत काढावी आणि ती संगणकापासून तोडून ठेवावी. बाकीचे उद्यापासून करता येईल.